हर्षद संख्या शिकवून काय मिळतं?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. पालकसभेत, लग्नाच्या पंगतीत, एकदा तर रिक्षातसुद्धा हाच प्रश्न आला: "बाई, त्या हर्षद संख्यांचा उपयोग काय?" अंकांच्या बेरजेने संख्येला पूर्ण भाग गेला की झाली हर्षद. १८ ला ९ ने जातो, १७२९ ला १९ ने. देवळालीत शाळामास्तर असलेल्या द. रा. कापरेकरांची ही देणगी.

पूर्वी मी ऐटीत सांगायचे की मूळ संख्याही एके काळी बिनकामाच्या होत्या, आज त्यांच्या जिवावर बँकेचे व्यवहार सुरक्षित राहतात. आता तसं म्हणत नाही. हर्षदपण दशमान लेखनावर टिकून आहे. दहाऐवजी दुसरा पाया धरून संख्या लिहा, यादी बदलते. त्यावर बँक-बिंक चालायची नाही.

मग शिकवता कशाला? सातवीच्या वर्गात फळ्यावर ५१०, ५११, ५१२, ५१३ लिहिल्या होत्या. चारही हर्षद. विचारलं, ५१४ का नाही? एरवी हजेरीपुरतं तोंड उघडणारी एक मुलगी म्हणाली, "बाई, संख्येतून तिची बेरीज वजा केली की दरवेळी ५०४च उरतात." खरंच की! ५१० वजा ६, ५११ वजा ७... दशक तेच आहे तोवर संख्या एकाने वाढली की बेरीजही एकाने वाढते, वजाबाकी जागची हलत नाही. म्हणजे ५०४ ला भाग जातो का, एवढंच बघायचं. ६, ७, ८, ९ ने जातो. १० ने नाही. ती हे फळ्यावर मांडत होती आणि तपासणीला आलेले साहेब दारात उभे.

"हे कोणत्या पानावर आहे?"

कोणत्याच नाही, म्हटलं. त्यांनी तिच्या हातातला खडू काढून घेतला आणि मला सरळव्याज काढायला लावलं. त्या वर्षी तिने पुन्हा हात वर केला नाही.

अभ्यासक्रम मागे होता, कबूल. घटक चाचणी तोंडावर होती, तेही कबूल. त्यांच्या जागी मी असते तर कदाचित मीही पान विचारलं असतं. पण खडू काढून घ्यायचा?

आणि त्या दिवशी मी गप्प का बसले, हे मला कुणी विचारत नाही. नोकरी होती, हे एक उत्तर. ते मला पटतं, कधी नाही पटत.

यंदाच्या सातवीला ११० देणार आहे. १११, ११२ पर्यंत हर्षद, ११३ ला अडतं, ११४ ला पुन्हा जमतं. का, ते पालकांनीही घरी करून बघावं. १०८ पासून सुरुवात करा.