उभ्या गाड्यांच्या बॅटऱ्या: चौथ्या महिन्याची नोंद

तीन गाड्या, तीन बॅटऱ्या, चार महिने एकही किल्ली फिरलेली नाही. गेल्या खेपेला मी दर रविवारी गाडी दहा मिनिटं नुसती चालू ठेवायचो. बॅटरी तरीही गेली. सेल्फने खाल्लेला करंट तेवढ्यात भरून निघतो, पण आठवडाभर गळालेला निघत नाही. आयडलिंगला अल्टरनेटर (इंजिनवर फिरून बॅटरी भरणारा जनरेटर) बेताचाच करंट देतो, आणि लेड-अॅसिड बॅटरीचा शेवटचा वीसेक टक्के भाग भरायला तास लागतात. वर इंजिन नीट तापत नाही ते वेगळंच. म्हणून यंदा वही ठेवली.

गाडी क्र. १, ४५ एएच (अँपिअर-तास, म्हणजे बॅटरीची क्षमता), मेंटेनन्स-फ्री. पूर्ण चार्ज करून निगेटिव्ह टर्मिनल काढून ठेवलं. बस, एवढंच. रात्रभर विश्रांतीनंतर १२.६८ व्होल्ट, एका महिन्याने १२.६२, दोन महिन्यांनी १२.५६, तीन महिन्यांनी १२.४९. चौथ्या महिन्यात १२.४२ दिसल्यावर पुन्हा चार्जला लावली. १२.४ च्या खाली रेंगाळू द्यायची नाही, हा माझा नियम. अर्धवट उतरलेल्या बॅटरीत प्लेटांवरचं लेड सल्फेट हळूहळू मोठ्या, कडक स्फटिकांत बदलतं आणि मग चार्जरला दाद देत नाही. या गाडीबद्दल आणखी सांगण्यासारखं काही नाही, आणि तेच तिचं यश.

बाईक, ९ एएच, एजीएम (आम्ल काचतंतूंच्या चटईत शोषलेली सीलबंद बॅटरी). मेंटेनरवर (भरलेली बॅटरी भरलेलीच राखणाऱ्या चार्जरवर) आहे. १३.६ व्होल्टच्या आसपास धरून ठेवतो, गरम दिवसात थोडा खाली येतो, म्हणजे तापमानाप्रमाणे जुळवून घेणारा आहे. ‘ट्रिकल’ म्हणून मिळणारे जुन्या पद्धतीचे साधे चार्जर मात्र थांबतच नाहीत. तसल्या एकाने माझी एक सीलबंद बॅटरी आतून वाळवली होती. एजीएममध्ये उडालेलं पाणी परत घालायची सोय नसते, त्यामुळे तिथे चूक माफ नाही.

गाडी क्र. २, ३५ एएच, झाकणांची जुन्या धाटणीची. खरी गोष्ट हिची आहे. हिचं निगेटिव्ह मुद्दाम जोडलेलंच ठेवलं होतं, कारण अलार्म चालू हवा होता. पंधरवड्यातच १२.१८! निगेटिव्हच्या वाटेत मल्टिमीटर घातला. (मीटर १० अँपिअरच्या रेंजवर, आणि त्या अवस्थेत चुकूनही सेल्फ मारायचा नाही, मीटरचा फ्यूज उडतो. बॉनेटच्या दिव्याचा बल्बही आधी काढा.) सुरुवातीला आकडा मोठा दिसला म्हणून घाबरू नका, गाडीतली यंत्रणा झोपायला अर्धा तास घेते. अर्ध्या तासाने ६२ मिलिअँपिअर. दिवसाला दीड एएच! म्हणजे जेमतेम बारा दिवसांत अर्धी बॅटरी रिकामी. एकेक फ्यूज काढत गेलो तर चोर निघाला नंतर बसवलेला म्युझिक सिस्टीमचा अॅम्प्लिफायर. त्याचा फ्यूज काढल्यावर १८ मिलिअँपिअर. तेच अर्धं व्हायला आता चाळीस दिवस लागतील.

मग बॅटरी चार्ज केली, रात्रभर सोडली आणि सकाळी मीटर लावला: १२.५६. मी खूश झालो. मग त्याच सकाळी सहज हायड्रोमीटर (आम्लाचं विशिष्ट गुरुत्व, म्हणजे पाण्याच्या तुलनेतली घनता मोजणारी नळी) काढला. बॅटरीच्या सहा कप्प्यांपैकी, म्हणजे सेलपैकी, पाच १.२६० आणि पॉझिटिव्हकडून चौथा १.१९०! आधी वाटलं, मध्यंतरी डिस्टिल्ड वॉटर घातलंय ते वरच तरंगत असेल. पण पाणी सहाही सेलमध्ये घातलं होतं आणि त्यानंतर चार्जही झाला होता. हिशेब केला तेव्हा उलगडलं. एका सेलचा स्थिर व्होल्टेज साधारण विशिष्ट गुरुत्व अधिक ०.८४५ एवढा असतो. पाच सेल २.१०५ चे, एक २.०३५ चा, बेरीज १२.५६. म्हणजे मीटर खोटं बोलत नव्हता, पण एक आजारी सेल पाच निरोग्यांच्या बेरजेत लपून बसला होता. झाकणांची बॅटरी असेल तर मी आता मीटरच्या आधी हायड्रोमीटर उचलतो.

उपाय म्हणून दीड अँपिअरवर बराच वेळ हळू चार्ज दिला. झाकणं सैल, खिडक्या उघड्या, आसपास ठिणगी नाही, कारण शेवटी शेवटी हायड्रोजन बराच सुटतो. जोडणी करताना आणि सोडताना चार्जरचा प्लग काढलेला. मधून मधून सहाही सेल पाहत होतो. चौथा १.२१०, मग १.२३०, मग १.२३५. तिथे तीन तास हलला नाही, तेव्हा थांबवलं. पाण्याची पातळी चार्जनंतर पूर्ण केली. प्लेटा उघड्या पडलेल्या असतील तरच चार्जआधी त्या बुडतील एवढं घालायचं, नाहीतर फुगून वर येतं आणि टर्मिनलांवर आम्लाचं तळं होतं. टर्मिनलांवरची पांढरट-हिरवी भुकटी खायच्या सोड्याच्या पाण्याने धुतली (झाकणं घट्ट लावून, थेंबही आत जाता कामा नये), कोरडी करून व्हॅसलीन लावलं.

बॅटरी काँक्रीटवर ठेवली की उतरते, असं पुन्हा एकाने ऐकवलं. लाकडी किंवा कडक रबराच्या जुन्या खोक्यांच्या काळातली ती समजूत. आताच्या पॉलिप्रोपिलीनच्या खोक्यातून जमिनीला काही जात नाही. माझी तिथेच आहे.

चौथा सेल आज सकाळी, दहा दिवसांच्या विश्रांतीनंतर, १.२२५. बाकीचे पाच १.२६० वरच. निगेटिव्ह या वेळी काढून ठेवलंय, अलार्मशिवाय. पुढची नोंद दोन आठवड्यांनी.