आराखडा पावसात करायचा

कोकणातल्या केळशीच्या जुन्या घराच्या दुरुस्तीचं काम काढायचं ठरलं तेव्हा सगळ्यांचं म्हणणं एकच होतं. मे महिन्यात जाऊ, मापं घेऊ, पावसाच्या आत उरकून टाकू. मी हट्टाने नाही म्हटलं. मे महिन्यात कोकणातलं कुठलंही घर धडधाकटच दिसतं. त्याची दुखणी कळतात जुलैत. म्हणून यंदाचा पावसाळा मी वही घेऊन तिथेच काढला.

घर साधं आहे. पुढे खळं म्हणजे अंगण, मग ओटी, माजघर, देवघर, स्वयंपाकघर आणि मागची पडवी. चिऱ्याच्या, म्हणजे जांभ्या दगडाच्या, भिंती मातीत बांधलेल्या, वर मंगलोरी कौलं.

सगळ्यात जास्त ओल ओटीच्या भिंतीला. का, तर तिथे मागे कधीतरी सिमेंटचा गिलावा झालाय. चिरा पाणी पितो आणि उघडीप मिळाली की सोडतो. मातीचा किंवा चुन्याचा गिलावा त्याला ते करू देतो. सिमेंट देत नाही. मग जोत्यातून चढलेली ओल आतच अडकते, वर वर सरकते, गिलावा फुगतो आणि पोपडे पडतात. शेजारच्या माजघराच्या भिंतीला आतून अजून मातीचाच गिलावा आहे, तिला फक्त खालून वीतभर ओल येते आणि गणपतीपर्यंत ती वाळतेही. त्यात भर म्हणजे खळ्याला काँक्रीट केलं तेव्हा उतार घराकडे आला. पागोळ्यांचं पाणी जोत्याशी साचतं. त्यामुळे वहीत पहिलं काम ते लिहिलं: खळ्याचा उतार फिरवायचा. दुसरं, ओटीवरचं सिमेंट खरवडून काढायचं आणि भिंत एक अख्खा उन्हाळा उघडी ठेवायची. चुन्याचा गिलावा त्यानंतर. चुना भिजवून चांगला मुरवायला हवा, त्याला घाई चालत नाही.

छपरावरून मात्र घरात खडाजंगी झाली. भावजींना स्लॅब हवा. ते म्हणतात, "वहिनी, माकडं कौलं ठेवत नाहीत. दरवर्षी शाकारणीला, कौलं नीट लावून घ्यायला, माणसं कुठून आणायची?" त्यांचं चूक नाही. ३ जून २०२०च्या निसर्ग वादळात आमच्या छपराची पश्चिमेची अख्खी पाखी, म्हणजे उतरती बाजू, उघडी पडली होती, आणि त्यानंतर आजूबाजूच्या कितीतरी घरांवर पत्रे आले. पण मातीत बांधलेल्या भिंतींवर स्लॅबचा बोजा टाकता येत नाही. त्यासाठी आतून खांब उभे करायचे, म्हणजे घर पाडून नवं बांधण्यासारखंच. शेवटी मागच्या पडवीवर पत्रा आणि मुख्य घरावर कौलंच, असं ठरलं. भावजी पूर्ण राजी नाहीत, पण तयार झालेत.

कौलांच्या मागे कारखान्याचं नाव उठवलेलं असतं. आमच्याकडे दोन-तीन कारखान्यांची मिसळलेली आहेत आणि एकाची खाच दुसऱ्याच्या कौलात नीट बसत नाही. गळतीच्या जागा बहुतेक तिथेच. आता कौलं उतरवली की नावांप्रमाणे वेगळी रचायची, प्रत्येक वाजवून बघायचं. खणखणीत वाजलं तर ठेवायचं, बद्द वाजलं तर बाजूला. कमी पडतील ती पाडलेल्या घरांची जुनी मिळतात, पण शिक्का तोच बघून घ्यायची.

आमच्या सुतारदादांनी वासेही असेच एकेक ठोकून पाहिले. स्वयंपाकघरावरचे वासे धुराने काळेकुट्ट, आणि सगळ्यात मजबूत. सूरी टोचली तर टोकही आत जाईना. ओटीवरचे तीन पोकळ निघाले. सासूबाई म्हणाल्या, "चूल होती तोवर या माळ्यावर कीड फिरकली नाही गो." चूल बंद होऊन वर्षं झाली. धूर तर पुन्हा आणता येणार नाही, म्हणून सगळ्या लाकडाला काजूच्या टरफलांचं काळं तेल देणार आहोत. वास उग्र असतो, काही दिवस घरात झोपता येत नाही, पण वाळवीवर तिकडे सगळ्यांचा भरवसा त्याच्यावरच.

संडास-बाथरूम घरात हवंच. सासूबाईंना रात्री परसात जावं लागतं, हे जुनेपण मला अजिबात जपायचं नाही. फक्त ते माजघराला लागून नको. रोजचं पाणी चिऱ्याच्या भिंतीशी नको. मागच्या पडवीच्या टोकाला, स्वतंत्र जोत्यावर, मध्ये हातभर मोकळी जागा सोडून. तिथपर्यंत पायरी न लागता जाता येईल असं बांधायचं आणि भिंतीला धरायला दांडा लावायचा. वायरिंगही भिंती न फोडता वरूनच पट्टीतून.

मुलाला ओटीची गजांची खिडकी काढून मोठी काच हवी होती. त्याला दुपारी तिथे खाली बसवलं. खिडकी जमिनीपासून इतकी खाली आहे की समुद्रावरचा वारा बसलेल्या माणसाच्या अंगावर येतो. तो तिथेच आडवा झाला आणि तासाभराने उठून म्हणाला, खिडकी राहू दे. माजघरातल्या अंधारासाठी कौलांमध्ये चार काचेची कौलं घालणार आहोत.

दसऱ्यानंतर खळ्यापासून सुरुवात. चुन्याचं काम येणारे गवंडी आता फार थोडे उरलेत. दापोली-मंडणगड भागात कुणी असे गवंडी पाहिले असतील तर जरूर कळवा, मी स्वतः जाऊन भेटेन.