ठाणं: जुनं शहर पायी बघा, घोडबंदर दुसऱ्या दिवसावर टाका

निकाल आधीच सांगून टाकतो. जुनं ठाणं पायी फिरायचं शहर आहे आणि त्याच दिवशी घोडबंदर किल्ला करायला जाऊ नका. मोबाईलवर 'एका दिवसात ठाणे' असे जे कार्यक्रम फिरत असतात, त्यात सकाळी कोपिनेश्वराचं देऊळ, दुपारी घोडबंदर किल्ला, रात्री गडकरी रंगायतनला नाटक, असं बिनदिक्कत लिहिलेलं असतं. किल्ल्यापर्यंतच्या प्रवासाला वेळ दिलेला असतो अर्धा तास. त्या अर्ध्या तासापायी आमच्या नाटकाचा बराचसा पहिला अंक बुडाला.

आम्ही नवरा-बायको नाशिकचे. ठाण्याला जायचं खरं कारण तिथलं कारागृह. २१ डिसेंबर १९०९ ला नाशिकच्या विजयानंद नाट्यगृहात अनंत कान्हेरेंनी कलेक्टर जॅक्सनवर गोळ्या झाडल्या, ही गोष्ट आमच्याकडे पोराटोरांना माहीत असते. पण कान्हेरे, कृष्णाजी कर्वे आणि विनायक देशपांडे या तिघांना १९ एप्रिल १९१० ला फाशी दिली ती ठाण्याच्या तुरुंगात. कान्हेरे तेव्हा जेमतेम अठरा वर्षांचे होते. ती जागा निदान बाहेरून तरी बघायची, हे कित्येक दिवस मनात होतं.

स्टेशनच्या पश्चिमेला जिना उतरून खाली आलात की 'कुठे जायचंय, कुठे जायचंय' सुरू होतं. जेल म्हटल्याबरोबर एकाने दीडशे सांगितले, दुसऱ्याने 'ट्रॅफिक आहे' म्हणून दोनशे. अंतर आहे फार तर दीड किलोमीटर. फेब्रुवारी २०२५ पासून रिक्षाचं किमान भाडं २६ रुपये आहे आणि ते पहिल्या दीड किलोमीटरला लागू आहे. म्हणजे सव्वीसचे दीडशे! रात्री बारा ते पाच या वेळात पंचवीस टक्के जादा, बाकी कसलंही 'रिटर्न भाडं' शहरात द्यायचं नसतं. पुढे होऊन बोलावणाऱ्याच्या रिक्षात बसूच नका. रांगेतली घ्या आणि मीटर टाकल्याशिवाय हलू देऊ नका. खरं म्हणजे घेऊच नका. नौपाड्यातल्या मावशीला फोन केला तर ती म्हणाली, "अरे, जांभळी नाक्याला रिक्षाने कोण जातं? चालत ये, अर्ध्या वाटेत मी भेटते." तिचं वय सत्तरच्या पुढे आहे.

आम्ही गेलो तोच क्रम ठेवा. स्टेशनवरून सुभाष पथ, तिथे मराठी ग्रंथसंग्रहालय, मग जांभळी नाका, कोपिनेश्वर, तलावपाळी (म्हणजे मासुंदा तलावाचा काठ), टेंभी नाका आणि शेवटी कोर्ट नाक्याजवळ कारागृह. चप्पल साधी चालेल, पण सकाळी लवकर निघा. दहानंतर जांभळी नाक्यावर हातगाड्या आणि टेम्पो यांच्यामधून अंग चोरून जावं लागतं.

ग्रंथसंग्रहालय १८९३ सालचं. मराठी वाङ्मयाचे इतिहासकार विनायक लक्ष्मण भावे यांनी ते सुरू केलं, तेव्हा ते पंचविशीच्याही आतले होते. स्टेशनपासून पाच-सात मिनिटांवर असूनही लोक त्यावरून तसेच पुढे जातात, याचं मला वाईट वाटलं. ज्या शहरात २०१० चं साहित्य संमेलन झालं (अध्यक्ष आमच्या नाशिकचे उत्तम कांबळे होते, हे मी मावशीला दोनदा सांगितलं), त्या शहराची ओळख मॉलपासून सुरू करायची की इथून, हे ज्याने त्याने ठरवावं. मी म्हणेन, इथून करा.

कोपिनेश्वराचं देऊळ बाजाराच्या पोटात आहे. मूळ स्थान शिलाहारांच्या काळातलं मानतात. आजचं देऊळ सरसुभेदार रामाजी महादेव बिवलकरांनी १७६० मध्ये बांधलं. आतली पिंडी चार फुटांहून उंच आहे. समोर उभं राहिलं की बेलाचं पान वाहायला हात वर न्यावा लागतो. सोमवार आणि श्रावण टाळा, एवढंच सांगेन. बाहेर आलं की मासुंदा तलाव, त्याच्या काठी पोर्तुगीज काळापासूनचं सेंट जॉन बाप्टिस्ट चर्च, आणि चालत गेलं तर टेंभी नाक्याला १८७९ चं, बेने इस्राएल या ज्यू समाजाचं सिनेगॉग, म्हणजे प्रार्थनास्थळ. घरात मराठी बोलणारा हा समाज इथे पिढ्यान्‌पिढ्या राहिला. सिनेगॉग बाहेरूनच बघावं लागतं, आधी परवानगी घेतली असेल तरच आत जाता येतं. याच टेंभी नाक्याची नवरात्रातली देवी आणि दहीहंडी बघायला लांबून माणसं येतात, पण त्या दिवसांत हे बाकी काही बघायचं म्हणू नका, पाऊल ठेवायला जागा नसते.

आता कारागृह. हा मुळात किल्ला. पोर्तुगीजांनी १७३० च्या सुमारास बांधायला घेतला आणि पुरा व्हायच्या आतच, १७३७ मध्ये, चिमाजी अप्पांच्या मोहिमेत मराठ्यांनी घेतला. १७७४ च्या डिसेंबरात इंग्रजांनी तो जिंकला आणि पुढे त्याचा तुरुंग केला. दुसऱ्या बाजीराव पेशव्यांचे विश्वासू त्र्यंबकजी डेंगळे याच किल्ल्यात कैद होते आणि सप्टेंबर १८१६ मध्ये इथूनच निसटले. पहाऱ्यावर मुद्दाम गोरे शिपाई ठेवलेले. खिडकीखाली घोड्याला खरारा करणारा मोतद्दार गाणं म्हणत असे. बेत सगळा त्या मराठी गाण्यात आणि शिपायांना त्यातलं एक अक्षर कळत नव्हतं. हा प्रसंग मी शाळेपासून ऐकत आलोय, पण त्या भिंतीखाली उभं राहून बायकोला सांगताना माझा आवाज चढला होता.

आत जाता येत नाही. हे चालू मध्यवर्ती कारागृह आहे, त्यामुळे 'किल्ला बघायचाय' वगैरे दरवाजावर सांगत बसू नका आणि फोटोही काढू नका, लगेच हटकतात. रस्त्याच्या कडेने भिंतीबरोबर चालत जा. खालच्या थरातले काळे चिरे, त्यांच्या सांध्यात उगवलेली पिंपळाची रोपं आणि बुरुजाची गोलाई अजून स्पष्ट दिसते. मी एका चिऱ्याला हात लावून नमस्कार केला. नाशिककरांनी आयुष्यात एकदा तरी इथे यावं.

जेवणाचं थोडक्यात. तहसील कचेरीजवळची मामलेदार मिसळ फार जुनी आहे. आम्ही नाशिककर मिसळीच्या बाबतीत कुणाचं ऐकत नाही, पण ही मिसळ चांगली आहे, अगदी मनापासून सांगतो. पापड, दही, जिलबी असला थाट नाही. पातळ, झणझणीत रस्सा आणि पाव, संपलं. तिखट, मध्यम आणि कमी असे प्रकार मिळतात. पुढे चालायचं असेल तर मध्यमच घ्या. तिखट म्हणजे खरोखर तिखट.

इथपर्यंत दुपारचे बारा वाजले होते आणि आम्ही खूश होतो. इथेच थांबायला हवं होतं, असं तो कार्यक्रम लिहिणाऱ्याला सांगावंसं वाटतं.

घोडबंदर किल्ला ठाणे स्टेशनपासून साधारण वीस किलोमीटरवर आहे आणि तो ठाणे शहरात येतही नाही, गायमुख घाटापलीकडे मीरा-भाईंदरच्या हद्दीत आहे. मीटरने साडेतीनशेच्या आसपास व्हायला हवेत, रिक्षावाल्याने आठशेपासून सुरुवात केली आणि सहाशेवर आला. "दादा, घाट मोकळा आहे ना?" विचारलं तर म्हणाला, "एकदम मोकळा." कापूरबावडी, मानपाडा, पातलीपाडा, वाघबीळ, कासारवडवली, सगळीकडे मेट्रोचे खांब, पत्रे आणि मध्येच संपणारी लेन. तरी जाताना सव्वा तासात पोचलो. किल्ला चांगला आहे, उल्हासच्या खाडीचं दृश्य सुंदर आहे. त्याबद्दल तक्रार नाही.

तक्रार गायमुख घाटाची. गुजरातकडे जाणारी आणि तिकडून न्हावाशेवा बंदराकडे येणारी अवजड वाहनं याच रस्त्याने जातात, चढ आहे, आणि दर पावसाळ्यात रस्ता उखडतो. परतताना चढावर एक ट्रेलर खड्ड्यात मागचं चाक अडकून थांबला होता. क्लीनर पळत पळत चाकाखाली दगड लावत होता, ड्रायव्हर गाडी रेटायचा, चाक दगड चिरडायचं आणि ट्रेलर वीतभर मागे यायचा. त्याच्या मागे आमची रिक्षा. आम्ही उतरून कडेला उभे राहिलो. धूर इतका की बायकोने पदर नाकाला लावला तो घाट उतरेपर्यंत काढला नाही. दुचाकीवाले समोरच्या लेनमध्ये घुसले, मग दोन्ही बाजू बंद. पाण्याची बाटली संपली, आणि त्या घाटात दुकान नाही, टपरी नाही, बायकांना जायला जागा नाही. पाचला निघालेले आम्ही तलावपाळीला पोचलो तेव्हा सव्वानऊ वाजून गेले होते. या परतीच्या रिक्षाचे नऊशे दिले, कारण किल्ल्याखाली रिक्षा एकच होती आणि त्याला ते माहीत होतं.

साडेआठचं नाटक. गडकरी रंगायतन दुरुस्तीनंतर ऑगस्ट २०२५ मध्ये पुन्हा उघडलं, म्हणून मुद्दाम पुढच्या रांगेची तिकिटं काढली होती. दारावरच्या माणसाने अंधारात मागेच बसवलं, आणि ते बरोबरच होतं. दुसऱ्या अंकाला मात्र सभागृह असं हसत होतं, असं गप्प होत होतं की माझा सगळा शीण गेला. ठाण्याचा प्रेक्षक नाटक ऐकतो. वाक्य पडायच्या आत दाद देत नाही.

रविवारी मावशीने उपवन तलावाला नेलं, छान वाटलं.

घोडबंदर करायचाच असेल तर रविवारी पहाटे सहाला निघा, दहाच्या आत परत घाट ओलांडा. रिक्षा नको. स्टेशनच्या पश्चिमेहून घोडबंदर रोडने बोरिवली, मीरा रोडकडे बस जातात, घोडबंदर गावाला उतरायचं कंडक्टरला सांगून ठेवा. दोन बाटल्या पाणी घ्या. पावसाळ्यात जाऊच नका. आणि त्या रात्रीचं कुठलंही तिकीट काढू नका, गडकरीचं तर नाहीच.