पॉइंट्सवरचं तिकीट

"पॉइंट्स मिळावेत म्हणून काही नको ते घेतलंस का रे?" आईबाबांना फिरायला न्यायला कोचीची विमानाची तिकिटं क्रेडिट कार्डावरच्या खर्चातून जमलेल्या पॉइंट्सवर काढली, भरायचा होता फक्त टॅक्स, हे कौतुकाने दाखवत होतो तर आईने एवढंच विचारलं.

नाही म्हणालो, आणि खरंच नाही घेतलं. किराणा, लाइट बिल, पोरीची फी, जे होतंच ते कार्डावर, आणि बिल ड्यू डेटच्या आत पूर्ण भरायचं. मिनिमम ड्यू, म्हणजे बिलातली किमान रक्कमच, भरलं की संपलंच सगळं, कारण बऱ्याच कार्डांवर महिन्याला साडेतीन टक्क्यांच्या आसपास व्याज लागतं, म्हणजे वर्षाला ४० च्या वर, वरून त्यावर १८ टक्के जीएसटी, आणि एक पॉइंट म्हणजे बहुतेक वेळा रुपयाहूनही कमीच की हो.

पण प्रश्न डोक्यातून जाईना. कारण ॲप सारखं सांगतं की अजून एवढा खर्च करा, बोनस मिळेल, आणि हात खरंच तिकडे जातो.

मार्च २०२० पर्यंत रेल्वेत ५८ च्या वरच्या बायकांना निम्मं भाडं होतं, पुरुषांना साठीनंतर ४० टक्के सूट. ती बंदच झाली. आईबाबांना हक्काने मिळायचं ते आता मुलाच्या खर्चातून साठवावं लागतंय, हे मला बरोबर वाटत नाही, आणि ज्यांच्या घरात कार्डच नाही त्यांनी काय करायचं?

तुम्ही घरच्या मोठ्यांना फिरायला नेताना पैसे कसे जमवता?