आमची वाटचाल : कॅस नंबरपासून सुरुवात

आमचं काम थोडक्यात सांगायचं तर असं: एखाद्या उत्पादकाचं रसायन दुसऱ्या देशात जायचं असेल, तर ते तिथे 'जुनं' (म्हणजे त्या देशाच्या सरकारी यादीत असलेलं) धरलं जातं की 'नवं' हे शोधायचं आणि त्याप्रमाणे कागदपत्रं उभी करायची. २००८ मध्ये दोघांनी सुरू केलं, आज आम्ही नऊ जण आहोत.

त्या वर्षी सुरू करण्याला कारण होतं. युरोपीय संघाचा रसायनांच्या नोंदणीचा 'रीच' कायदा १ जून २००७ ला अमलात आला होता आणि आधीपासून बाजारात असलेल्या पदार्थांची पूर्व-नोंदणी १ जून ते १ डिसेंबर २००८ या सहा महिन्यांत उरकायची होती. ती केली नाही तर पुढच्या मुदतींची सवलत हातची जाणार होती. फी नव्हती, त्यामुळे ज्याला त्याला नाव घालून ठेवायचं होतं. हेलसिंकीतल्या युरोपीय रसायन संस्थेकडे २७ लाखांहून जास्त पूर्व-नोंदण्या आल्या. आमच्या वाट्याला छोटे कारखानदार आले: रंगद्रव्यं, रेझिन, कापडाला लावायची रसायनं बनवणारे. युरोपाबाहेरच्या उत्पादकाला थेट नोंदणी करता येत नाही, तिथे 'ओन्ली रिप्रेझेंटेटिव्ह', म्हणजे त्याच्या वतीने नोंदणी करणारा युरोपातला प्रतिनिधी, नेमावा लागतो, हे समजावून सांगण्यातच पहिले दोन महिने गेले.

लोकांचा एक समज आम्हाला तेव्हापासून आजतागायत खोडून काढावा लागतो. यादीत आहे म्हणजे तपासलेलं आहे, असं त्यांना वाटतं. तसं नाही. युरोपाच्या जुन्या पदार्थांच्या 'आयनेक्स' यादीत एक लाखावर पदार्थ आहेत, आणि ते तिथे आले ते १ जानेवारी १९७१ ते १८ सप्टेंबर १९८१ या काळात बाजारात होते म्हणून. त्यानंतर आलेल्या नव्या पदार्थाला वर्षाला दहा किलोपासून चाचण्या द्याव्या लागत, जुना मात्र टनांनी विकला तरी तसा प्रश्न नव्हता. अमेरिकेतही तेच झालं. तिथला 'टॉस्का' कायदा १९७६ चा, आणि त्याच्या पहिल्या यादीत सुमारे ६२,००० पदार्थ चाचणीशिवाय सामावून घेतले गेले. त्या जुन्यांचं धोका-मूल्यमापन बंधनकारक करायला २०१६ ची दुरुस्ती यावी लागली. 'रीच'चं महत्त्व मला इथे वाटतं: माहिती देण्याची जबाबदारी त्याने उत्पादकावर टाकली, पदार्थ जुना असो वा नवा.

जपान मात्र आधीच शहाणा झाला होता, तेही फार मोठी किंमत देऊन. १९६८ मध्ये तिथे तांदळाच्या कोंड्याच्या तेलात पीसीबी हे क्लोरीनयुक्त विषारी रसायन मिसळलं. तेल शुद्ध करताना उष्णता देण्यासाठी वापरलेलं हे द्रव्य नळीतून गळलं होतं. हजारो माणसं आजारी पडली. पीसीबी हा काही अनोळखी पदार्थ नव्हता, कारखान्यांत रोज वापरला जायचा. १९७३ च्या जपानी कायद्याने नवं रसायन बाजारात येण्याआधीच तपासायची पद्धत आणली. आमच्याकडे नवीन रुजू होणाऱ्याला मी ही हकिगत पहिल्याच दिवशी सांगतो. आपण भरतो तो फॉर्म कशासाठी आहे हे त्याला कळलं पाहिजे.

दुसऱ्या दिवशी कॅस नंबर, म्हणजे प्रत्येक रसायनाचा जगभर चालणारा ओळख क्रमांक, तपासायला शिकवतो. पाण्याचा नंबर ७७३२-१८-५. शेवटचा अंक सोडून उजवीकडून एक, दोन, तीन असं गुणत जायचं: ८×१, १×२, २×३, ३×४, ७×५, ७×६. बेरीज १०५ येते, शेवटचा अंक ५, म्हणजे नंबर बरोबर. ग्राहकाच्या सेफ्टी डेटा शीटवरचा (रसायनाच्या सुरक्षा-माहितीपत्रकावरचा) नंबर या हिशेबात बसला नाही, तर फाईल तिथेच थांबते.

पण नंबर बरोबर असूनही चूक होते, ती आमच्याकडून झाली. एका ग्राहकाचं पॉलिमर अमेरिकेला जायचं होतं. कागदावर दोन मोनोमर (ज्या लहान रेणूंच्या साखळीतून पॉलिमर बनतं ते), त्या दोघांचा मिळून झालेला कोपॉलिमर अमेरिकेच्या यादीत सापडला, आम्ही 'आहे' म्हणून कळवलं. माल भरला जात असताना सहज बोलताना त्यांचे केमिस्ट म्हणाले, "चिकटपणासाठी तिसरं थोडंसं घालतो, तीन टक्के." अमेरिकी नियमात दोन टक्क्यांपेक्षा जास्त असलेला मोनोमर पॉलिमरच्या नावात धरावा लागतो. म्हणजे हे पॉलिमर वेगळं, आणि यादीत नसलेलं. शिवाय नव्या पदार्थाची पूर्वसूचना तिथल्या आयातदाराने सरकारला द्यायची, तपासणीचा काळ ९० दिवस. माल थांबला, आणि त्या नुकसानीचा काही भाग आम्ही आमच्या फीमधून उचलला. केमिस्टला आधी विचारायला हवं होतं, ते आम्ही विचारलं नव्हतं. त्यानंतर कच्च्या मालाचा तक्ता, टक्क्यांसह, प्रयोगशाळेतल्या माणसाच्या सहीने हातात आल्याशिवाय आम्ही एकाही यादीत शोध घेत नाही.

२०१०, २०१३ आणि २०१८ या 'रीच'च्या नोंदणीच्या तीन मुदती आमच्या सर्वांत धावपळीच्या. शेवटची, वर्षाला एक ते शंभर टनांची, छोट्यांना सर्वांत जड गेली. चाचण्यांचे अहवाल ज्यांच्याकडे होते त्यांच्याकडून 'लेटर ऑफ अ‍ॅक्सेस', म्हणजे ते अहवाल वापरायचं परवानगीपत्र, विकत घ्यावं लागे, आणि अशा कंपन्यांच्या एका गटाने आमच्या ग्राहकाला सांगितलेली रक्कम ऐकून त्यांनी तो पदार्थच सोडून दिला. खर्चाचा हिशेब मागायचा हक्क कायद्याने दिलेला आहे. आम्ही मागितला, पण उत्तर यायला उशीर झाला. ती गोष्ट अजून मनात आहे. तरीही अहवाल वाटून घेण्याचा नियम मला मनापासून पटतो. मासे, उंदीर यांच्यावरची तीच चाचणी दोनदा होऊ नये. ओईसीडी या मुख्यतः विकसित देशांच्या संघटनेच्या १९८१ च्या निर्णयामुळे जीएलपी (प्रयोगशाळेच्या कामाचे ठरलेले गुणवत्ता-नियम) पाळणाऱ्या प्रयोगशाळेतला एक अहवाल अनेक देश मान्य करतात, म्हणून नवी चाचणी मागवण्याआधी आम्ही जुने अहवाल आठवडाभर शोधतो.

आता काम युरोपापुरतं उरलेलं नाही. चीनचा नवीन रसायनांचा आदेश क्रमांक १२ हा १ जानेवारी २०२१ पासून लागू आहे: वर्षाला दहा टन किंवा जास्त असेल तर नियमित नोंदणी, एक ते दहा टनांना सोपी, एक टनाखाली नुसती नोंद. कोरियात जुन्या पदार्थांच्या मुदती टनांप्रमाणे पायऱ्यांनी येतात. दहा ते शंभर टनांची २०२७ अखेर, एक ते दहाची २०३० अखेर. आमचे बहुतेक ग्राहक या शेवटच्या दोन पायऱ्यांवर आहेत. त्यांच्या कच्च्या मालाचे तक्ते आम्ही आत्तापासून मागवतो आहोत. गेल्या आठवड्यात आलेल्या एका तक्त्यात मोनोमरांची बेरीज अठ्ठ्याण्णव टक्के होत होती, तो काल परत पाठवला.