दात कशाने घासता?

केसपेपरवर ‘व्यसन’ या रकान्यापुढे ‘नाही’ लिहिलेलं होतं. आमच्या वॉर्डातल्या बहुतेक बायकांच्या पेपरवर तेच असतं. रात्री दोन वाजता कळा देणाऱ्या बाईला निवासी डॉक्टर विचारतो, “तंबाखू, दारू वगैरे?” ती मान हलवते, तो लिहितो. खोटं कुणीच बोलत नाही.

बाई निफाडकडची, कांद्याच्या निवडणीला जाणारी. चौतिसाव्या आठवड्यात प्रसूती, मुलगी, वजन १७४० ग्रॅम. नवजात अतिदक्षता कक्षात पाच दिवस काढून बाळ आमच्या कांगारू कक्षात (इथे बाळाला आईच्या उघड्या छातीवर चिकटवून ठेवतात) आलं तेव्हा १६८० भरलं. एवढी घट चालते. पण एकदा वजन चढायला लागलं की किलोमागे रोज पंधरा ग्रॅम तरी वाढायला हवेत, म्हणजे हिला पंचवीस-सव्वीस. आम्ही रोज सकाळी सहाला, पाजण्याआधी, बाळाला उघडं करून काट्यावर ठेवतो. काटा पाच ग्रॅमपर्यंत दाखवतो. आठव्या दिवशी १६९०. नवव्या दिवशी १६८५. दहाव्या दिवशी पुन्हा १६९०.

बाळाची साखर, संसर्गाच्या तपासण्या, सगळं ठीक. तक्त्यावर कांगारूचे तास मात्र चार. किमान आठ हवेत, खरं तर जमेल तितके जास्त. दर दोन तासांनी पाजायचं, तर प्रत्येक दुसऱ्या वेळेला बाई जागेवर नाही. “लघवीला गेली.” वीस-पंचवीस मिनिटं. परत आली की चिडलेली, डोकं धरून बसलेली. रात्री झोप नाही, चार दिवस पोट साफ नाही. वॉर्डाचा निकाल लागून गेला होता: मुलगी झाली म्हणून बाईचं मन नाही. हा निकाल आमच्याकडे फार लवकर लागतो. दहाव्या दिवशी संध्याकाळी तिने सांगितलं, “सही करते, सोडा मला.”

खरं काय ते सफाईच्या मावशींना तिसऱ्या दिवसापासून माहीत होतं. “ती मागच्या बेसिनवर मिश्री लावती ना, काळं करून ठेवती सगळं.” मावशींना कुणी विचारलं नव्हतं. त्यात मीही आले.

मी जाऊन तिचा हात बघितला. उजव्या तर्जनीचं वरचं पेर काळपट तपकिरी, नखाच्या कडेत बारीक काळी रेघ, साबणाने न जाणारी.

“ताई, दात कशाने घासता?”

“मिश्रीनं.”

“दिवसातून किती वेळा?”

तिने बोटांवर मोजलं. उठल्यावर. संडासला जायच्या आधी. चहा झाल्यावर. कामावर दोनदा. जेवल्यावर. झोपताना. सात. वर म्हणाली, “पण तंबाखू नाही खात बाई आम्ही.”

मिश्री म्हणजे तव्यावर काळी होईस्तोवर भाजून कुटलेली तंबाखूच. भाजून निकोटिन जात नाही, ते हिरडीतून थेट रक्तात उतरतं. दंतमंजनात तंबाखू घालायला १९९२ पासून बंदी आहे. घरच्या तव्याला ती कुठून लागणार? २००४ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात मुंबईतल्या १२१७ गरोदर बायका होत्या. धूर न काढता तंबाखू वापरणाऱ्यांची बाळं सरासरी १०५ ग्रॅमने हलकी निघाली आणि सुमारे सहा दिवस आधी जन्मली. तीन किलोच्या बाळाला १०५ ग्रॅम म्हणजे काही नाही. आमच्या कक्षात ती चार दिवसांची कमाई असते.

आता दुसरी बाजू. गेटवर सुरक्षारक्षक पुड्या काढून बादलीत टाकतो. टाकाव्यातच. पण सात वेळांवरून एकदम शून्यावर आलेल्या बाईचं पुढे काय, हे बादलीपाशी संपतं. दारू पिणारा पेशंट भरती झाला की दुसऱ्या दिवशी हात थरथरतात का, यावर सगळ्यांचं लक्ष असतं. मिश्रीवाली चिडली, झोपेना, पोट साफ होईना, तर ‘नखरे’. निकोटिन तुटल्यावर हेच होतं. पहिले दोन-तीन दिवस सगळ्यात वाईट, मग दोन ते चार आठवडे ओसरत जातं. हिचं तर धड तुटतही नव्हतं. बाहेरच्या टपरीवरून पुडी यायची, बेसिनवर चोरून लागायची आणि प्रत्येक वेळी एक पाजणं बुडायचं.

त्या रात्री ती थांबावी म्हणून मी तिला सासूबरोबर गेटबाहेर एकदा जाऊ दिलं. अट एवढीच: बाळाला पाजून जायचं, येताना चूळ भरायची, हात कोपरापर्यंत धुवायचे. तंबाखूमुक्त रुग्णालयाचा फलक जिथे आहे, त्याच्याच खालून. बरोबर केलं की चूक, यावर माझं माझ्याशी अजून भांडण चालू आहे. नोंद कुठेच केली नाही.

सकाळी मानसोपचार विभागाला चिठ्ठी पाठवली. “मिश्रीसाठी रेफरन्स?” असा फोन आला, पण डॉक्टर आले. दोन मिलिग्रॅमचा निकोटिन गम, म्हणजे तंबाखूऐवजी थोडं निकोटिन देणारी चघळायची गोळी, लिहून दिला. पाजणाऱ्या आईला तो पाजून झाल्याझाल्या द्यायचा, कारण निकोटिन दुधात उतरतं आणि रक्तातलं साधारण दोन तासांत निम्मं होतं. आमच्या बायका गम चॉकलेटसारखा चावून थुंकी गिळतात, मग उचकी आणि मळमळ. तो हळूहळू चावायचा, तोंडात झिणझिण लागली की गालाच्या आत दाबून ठेवायचा, झिणझिण गेली की पुन्हा चावायचा, अर्धा तास. चहाच्या आधी-नंतर पंधरा मिनिटं नको, चहाने तो लागूच पडत नाही. वॉर्डातला चहा नेमका सकाळच्या पाजण्यानंतर येतो. म्हणून तिचा चहा आधी द्यायला लावला. त्यावरून स्वयंपाकघराशी झालेलं भांडण वेगळंच. मधल्या तलफेला बाळंतशोपा-ओवा, पोटासाठी इसबगोल.

कांगारूचे तास चारवरून नऊ, मग अकरा. १७१०, १७४०, १७६५. तिसऱ्या दिवशी बाळ टोपी-मोज्यांत छातीवर बेडकासारखं चिकटलेलं आणि बाई भिंतीला टेकून गाढ झोपलेली.

डिस्चार्जनंतर पहिल्या तपासणीला बाळ २१५० भरलं. मिश्री किती वेळा, विचारलं. “सकाळची एक सुटत नाही,” म्हणाली. मी बोट बघितलं. पेर फिकट झालंय, पण रेघ आहे. तव्यावर मिश्री भाजणारी घरात सासूच, तीही बाळाच्या खोलीत, हे तेव्हा कळलं. पुढच्या वेळी तवा अंगणात, एवढं कबूल करून घेतलं.

सासूबाई दारापर्यंत गेल्या आणि परत फिरल्या. “बाई, ती चघळायची गोळी मला बी मिळंल का?” गम सुनेच्या नावावर होता. तंबाखूचं समुपदेशन खालच्या मजल्यावर, तेही दुपारी बंद झालेलं. निफाडची एसटी वीस मिनिटांत. मी त्यांच्या हातावर ओव्याची पुडी ठेवली आणि तंबाखू सोडायला मदत करणाऱ्या क्विटलाइनचा, फुकट चालणारा १८००-११-२३५६ हा नंबर सुनेच्या फोनमध्ये घालून दिला. त्या वाचत नाहीत.