नर्मदा परिक्रमेचा जमाखर्च

पायी परिक्रमा करून आलात म्हटलं की लोक आधी पाय दाखवायला सांगतात, आणि मग आवाज खाली आणून विचारतात, "साधारण खर्च किती आला हो?" देवाच्या वाटेवर पैशाची गोष्ट कशी काढायची, असा संकोच असतो. मला तो पटत नाही. किनाऱ्यावर दर मुक्कामाला एक वाक्य कानावर पडतं, "मैया सब देती है." देते, अगदी खरं आहे. पण घरचं विजेचं बिल काही ती भरत नाही.

आम्ही दोघी गेलो होतो, मी आणि माझी वहिनी. वहिनी शाळेतून मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झालेल्या. आयुष्यभर शालेय पोषण आहाराचे तांदूळ ग्रॅममध्ये मोजलेल्या बाईला परिक्रमेचा हिशेब ठेवायला सांगावा लागत नाही. दोनशे पानी वही, पुठ्ठ्याला भोक पाडून दोरीनं बांधलेलं पेन, आणि रोज संध्याकाळी आसन लावलं की पहिलं काम तेच. या लेखातले आकडे त्या वहीतले आहेत.

सगळ्यात मोठा खर्च परिक्रमेच्या वाटेवर होतच नाही. नर्मदा १३१२ किलोमीटर लांब. दोन्ही काठ धरले तर २६०० च्या पुढे, आणि वळणं-वळसे घेत पायाखाली त्याहून जास्त येतं. रोज वीसेक किलोमीटर आणि मध्ये थोडे विसाव्याचे दिवस धरले तर जवळजवळ पाच महिने जातात. एवढे महिने तुमचं घर तुमच्याशिवाय चालणार असतं. माझी रजा बिनपगारी होती. सोसायटीचा मेंटेनन्स, गॅस, कामाच्या बाईंचा पगार (आपण नाही म्हणून तिचा पगार कापणाऱ्यांनी परिक्रमेला जाऊच नये, हे माझं स्पष्ट मत), जानेवारीत येणारा विम्याचा हप्ता, फेब्रुवारीतलं भाच्याचं लग्न. हे सगळं आधी बाजूला काढून ठेवलं. वहिनींना वेगळीच चिंता. पेन्शनवाल्यांना नोव्हेंबरात हयातीचा दाखला द्यावा लागतो आणि परिक्रमा सुरू होते ती देवउठनी एकादशीनंतर, म्हणजे त्याच सुमाराला. वहिनी बँकेत सही करूनच गाडीत बसल्या. "जिवंत आहे असं लिहून दिलंय, आता वाटेत काही झालं तर खोटं ठरेन," म्हणाल्या.

आमची परिक्रमा सुरू झाली ती ओंकारेश्वरहून. तिथे जाणं स्वस्त आहे. नाशिक रोडहून खंडव्यापर्यंत रेल्वे, पुढे बस. दोघींचं जाणं-येणं, स्टेशनवरचा चहा-नाश्ता धरून, अडीच हजारांत बसलं.

सामानाला मात्र दोघींचे मिळून १८ हजार गेले, आणि त्यातले निम्मे तरी वाचवता आले असते असं म्हणणारे लोक भेटतील. त्यांचं ऐकू नका, निदान बुटांच्या बाबतीत. बूट नेहमीच्या मापापेक्षा अर्धा नंबर मोठा घ्यायचा, कारण दुपारपर्यंत पाय सुजतो आणि उतारावर अंगठा पुढे आपटून नख काळं पडतं. बाकी दोन साड्या किंवा दोन पंजाबी ड्रेस, पातळ स्लीपिंग बॅग, चटई, पॉवर बँक, टॉर्च, ताट-वाटी-पेला. पाठीवर सात किलोच्या वर नको. जास्त घेतलंत तर पहिल्या आठवड्यातच ते पोस्टानं घरी पाठवाल, आणि पार्सलचे पैसे पडतील ते वेगळेच. आमच्या पुढेमागे चालणाऱ्या एका काकांनी प्रेशर कुकर परत पाठवला होता. तो त्यांनी आणला कशाला, हे मला अजून कळलेलं नाही.

आता रोजचा खर्च. इथेच लोकांचा गोंधळ होतो. आश्रमात पोचलात की आतून आवाज येतो, "कितनी मूर्ती?" मूर्ती म्हणजे माणसं. दोन म्हणायचं, की दोन मूर्तींचं जेवण धरलं जातं. सकाळी चहा किंवा पोह्यांचा बालभोग, दुपारी वाटेत कुठेतरी कुणीतरी हात धरून बसवतं, रात्री भोजनप्रसादी. शिजवून देणं जमत नसेल तिथे सदाव्रत मिळतं: पीठ, डाळ, तांदूळ, मीठ, मिरची, कधी तुपाची छोटी वाटीसुद्धा. मग तीन दगड मांडायचे आणि आपलं आपण करायचं. म्हणजे खाण्या-राहण्याचा खर्च कागदावर शून्य. शहरांत धर्मशाळेची खोली घेतली तरच पैसे. दोघींनी महिन्याला दोन-अडीच हजारांत भागवलं, आणि त्यातही निम्मे पैसे केळी, पेरू, साबण आणि वहिनींच्या आल्याच्या वड्यांवर गेले.

पण वहीतलं सगळ्यात मोठं खातं यातलं कुठलंच नाही. ते आहे दक्षिणेचं. निघण्याआधीच आम्ही ठरवलं होतं की माणशी दिवसाला १०० रुपये बाजूला निघालेच पाहिजेत, जेवण कुठेही होवो. घराजवळच्या खानावळीत साधी थाळी त्याच भावात मिळते. मग ती रक्कम रोज दिलीच पाहिजे असं नाही. एखाद्या ठिकाणी पेटी नसते, एखाद्या ठिकाणी साधू घेत नाही, तर ती पुढे साठवायची आणि जिथे खरी ओढाताण दिसेल तिथे एकदम द्यायची. मोठ्या, संगमरवरी आश्रमांत आम्ही ११ रुपये टाकले आणि पत्र्याच्या शेडमध्ये एकटीच चूल सांभाळणाऱ्या एका माताजींच्या डब्यात हजार. हे आधी ठरवलेलं नसलं ना, तर फुकटाची सवय फार लवकर लागते. डिंडोरीच्या पुढे एका मुक्कामात भाजी अळणी आहे म्हणून कुरकुरणारे परिक्रमावासी मी पाहिले आहेत, आणि त्यातले दोघे मराठीत कुरकुरत होते.

दक्षिणेची रक्कम लहान असली म्हणून बिघडत नाही, हेही तिथेच दिसतं. कसरावदजवळच्या तेली भट्याणचे सियाराम बाबा १० रुपयांच्या वर कुणाकडूनच घेत नसत. पाचशेची नोट दिली तर उरलेले परत. बाबा डिसेंबर २०२४ मध्ये गेले. त्याच पट्ट्यात लेप्याला भारती ठाकूर यांनी परिक्रमेनंतर येऊन मुलांसाठी उभं केलेलं काम आहे. मूळच्या नाशिकच्या त्या, त्यामुळे आमच्याकडच्या बऱ्याच जणींच्या दक्षिणेचा एक भाग तिकडे जातो.

दहाच्या नोटांचं महत्त्व मात्र वेगळ्याच कारणानं. बडवानी सोडून शूलपाणीच्या झाडीत, म्हणजे नर्मदाकाठच्या डोंगराळ जंगलात, शिरलात की मोबाईल म्हणजे नुसतं घड्याळ. क्यूआर कोड नाही, एटीएम नाही, आणि पाचशे सुटे करून देणारं दुकानही नाही. बडवानीत बँकेतून दहा आणि वीसच्या नव्या नोटांची बंडलं घेतली ती थेट राजपीपल्यापर्यंत पुरली. दुसरी गोष्ट, परिक्रमेत नदी ओलांडायची नसते. त्यामुळे समोरच्या काठावर बाजार, औषधाचं दुकान, बँक असं सगळं दिसत असतं आणि त्याचा तुम्हाला काडीचा उपयोग नसतो. नावडाटोडीच्या घाटावर बसून आम्ही पलीकडचा महेश्वरचा किल्ला बघत होतो. वहिनींनी वही काढली आणि लिहिलं: माहेश्वरी साडी, पुढे ढकलली. उत्तर तटावरून परत येताना, काही महिन्यांनी, तो खर्च झालाच. साडी तिथूनच कुरिअरनं घरी गेली.

झाडीचं थोडं सविस्तर सांगायला हवं. महाराष्ट्राला नर्मदा लागते ती इथेच, नंदुरबारच्या अक्राणी-अक्कलकुव्याच्या कडेनं, जेमतेम ५४ किलोमीटर. सरदार सरोवराचं पाणी १३८.६८ मीटरपर्यंत भरतं, त्यामुळे काठाची जुनी वाट पाण्याखाली गेली. आताची वाट भादल, खप्परमाळ, माथासर, झरवाणी अशी डोंगर चढत-उतरत जाते. पूर्वी इथे भिल्ल मंडळी परिक्रमावासींना अंगावरच्या वस्त्रापर्यंत लुटत, असं सगळे सांगतात. आता तीच मंडळी उतरवून घेतात ते फक्त पाठीवरचं ओझं, पुढच्या पाड्यापर्यंत पोचवायला.

अशाच एका पाड्यावर मुक्काम पडला. घर कुडाचं, वर कौलं, आत एका कोपऱ्यात शेळ्या आणि दुसऱ्यात आम्ही. घरातली बाई मक्याची भाकरी दोन तळव्यांत थापत होती आणि भाकरी मातीच्या तव्यावर पडली की कडेनं पाण्याचा हात फिरवत होती. सोबत उडदाची डाळ, त्यात लसूण भरपूर. जेवण झाल्यावर वहिनींनी शंभराची नोट पुढे केली. तिनं नोटेकडे पाहिलंसुद्धा नाही, वहिनींच्या पिशवीकडे पाहिलं आणि कपाळाला हात लावून विचारलं, "गोळी आहे?" डोकं दुखायचं होतं तिचं, कित्येक दिवस. वहिनींनी आधी पोटात आग वगैरे होत नाही ना, कसली औषधं चालू नाहीत ना, हे खाणाखुणांनी विचारून घेतलं, मग पॅरासिटामॉलची अख्खी पट्टी दिली आणि दिवसाला दोनच, असं बोटांनी बजावलं. तिनं पट्टी छपराच्या बांबूत खोचली, पोरांचा हात पोचणार नाही अशा उंचीवर. रात्री टॉर्चच्या उजेडात वहिनी मला विचारतात, "अगं, हे औषधात लिहू की दक्षिणेत?" शेवटी नवीन खातं उघडलं. त्या पुढच्या चार पाड्यांवर गोळी, मलम आणि खरजेचं औषध हेच मागितलं गेलं. जाणाऱ्यांनी डॉक्टरांना विचारून हे जास्तीचं घेऊन जावं. आणि चहा-साखर. पैसे नको म्हणणारं घर अर्धा किलो साखरेची पुडी मात्र आनंदानं ठेवून घेतं. पोरं "टॉफी, टॉफी" करत मागे येतात, त्यांना टॉफ्या वाटू नयेत असं मला वाटतं. वाटेतल्या शाळेत मास्तरांकडे वह्या-पेन्सिलींचे पैसे दिलेले बरे.

समुद्राजवळ कठपोरला दक्षिण तट संपतो आणि नदी न ओलांडता समुद्रातून नावेनं मिठीतलाईला, उत्तर तटावर उतरायचं. नाव भरतीच्या वेळेवर सुटते, गर्दी असते, नंबर लावून थांबावं लागतं. भाड्यापेक्षा हे थांबणं धरायला लोक विसरतात. दोन-तीन दिवस इथे सहज जातात, आणि घरच्या परतीच्या तारखा त्या हिशेबानंच सांगाव्यात. गुजरातचा पट्टा खर्चाच्या दृष्टीनं सगळ्यात सोपा. गरुडेश्वरला टेंबे स्वामींच्या समाधीपाशी तर सिंधुदुर्गापासून नागपूरपर्यंतची मराठी ऐकू येते आणि ताटात आमटी पडते.

अमरकंटकपर्यंत, म्हणजे नर्मदेच्या उगमापर्यंत, पहिले बूट टिकले नाहीत. जबलपूरच्या अलीकडे एका मोच्यानं ४० रुपयांत दोन्ही तळ शिवून दिले, ते आठवडाभर चालले, मग नवे घेतले. क्रेप बँडेज, मलमं, वहिनींच्या गुडघ्याचा एक एक्स-रे आणि बूट मिळून पाच हजार. ओंकारेश्वरला परत आल्यावर कढाईचा (परिक्रमा पुरी झाल्यावरच्या नैवेद्याचा) शिरा, कन्याभोजन आणि नावेचं भाडं यांत सहा हजार.

सगळी बेरीज दोघींची ७३-७४ हजार, म्हणजे माणशी ३७ हजारांच्या आत. यात दक्षिणा आणि लोकांसाठीची औषधं मिळून सत्तावीस-अठ्ठावीस हजार आहेत, साडी आणि तिचं कुरिअरही आहे. माझा बुडालेला पगार नाही.

एवढे महिने काढणं शक्य नसेल तर खंड परिक्रमा करणारे पुष्कळ असतात, दरवर्षी थोडं थोडं चालतात. त्यात सोय आहे, पण प्रत्येक खेपेला रेल्वेचं भाडं पडतं आणि पाय दरवेळी नव्यानं सरावावे लागतात, म्हणून एकूण खर्च वाढतो. आणि अगदीच एक-दोन दिवस असतील तर चैत्रात गुजरातमध्ये तिलकवाडा ते रामपुरा या उत्तरवाहिनी, म्हणजे नदी उत्तरेकडे वाहते त्या, पट्ट्याची परिक्रमा असते. पहाटे निघालात तर दुपारपर्यंत पुरी होते. रात्रीची गाडी, एक चालण्याचा दिवस, परत रात्रीची गाडी. गर्दी मात्र शनिवार-रविवारी फार. मधला वार गाठा, आणि सुट्या नोटा घेऊन जा.